शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यासक्रम : पाठांतराकडून मूळ संकल्पनांकडे

भिवंडी तालुक्यातील वळ आणि त्याच्या आसपासची पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर ही गावे आज गोदामांची गावे म्हणून ओळखली जातात. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आता पत्र्याच्या उंच छपरांच्या रांगा उभ्या आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला माल येथे उतरतो व येथूनच पुढे रवाना होतो. तो चढविण्याउतरविण्याचे काम करणाऱ्या हमालांची, चालकांची आणि पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांची संख्या फार मोठी आहे. अशा गावाशी विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात येईल. तो संबंध निकटचा आहे, आणि कधी कधी तो एखाद्या माणसाच्या जीविताचाच असतो.

समजा, मे महिन्याच्या दुपारी गोदामात माल उतरविणारा एक तरुण हमाल घेरी येऊन पडला. त्याचे अंग भाजते आहे, बोलणे असंबद्ध झाले आहे आणि कपडे घामाने चिंब आहेत. त्याला ज्या डॉक्टरापुढे नेले, त्याने विद्यार्थिदशेत उष्माघाताच्या लक्षणांची यादी पाठ केलेली आहे. त्या यादीत ‘त्वचा कोरडी व उष्ण’ असे शब्द आहेत. येथे तर त्वचा ओली आहे. यादीवर विसंबणारा डॉक्टर ‘हा उष्माघात नव्हे, साधा थकवा आहे’ असे म्हणून सलाईन लावील आणि वाट पाहील. परंतु श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात रुग्णाला घाम येत असणे ही नित्याची गोष्ट आहे. ज्या डॉक्टराने ‘शरीरात उष्णता किती निर्माण होते आणि किती बाहेर पडते’ हा मूळ हिशेब समजून घेतला आहे, तो ओल्या त्वचेने फसणार नाही. तो आधी शरीराचे तापमान मोजील, ते ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल व मेंदूचे कार्य बिघडलेले असेल तर तत्क्षणी शरीर थंड करण्यास लागेल. दोघांनी तेच पुस्तक वाचलेले असते आणि दोघेही तीच परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात. फरक पडतो तो काय लक्षात ठेवले यामुळे नव्हे, तर काय समजले यामुळे. अभ्यासक्रमाची रचना हा विषय म्हणूनच केवळ विद्यापीठांच्या मंडळांपुरता राहत नाही.

विषय तोच, आशय वाढता

शरीरक्रियाविज्ञान म्हणजे निरोगी शरीराचे व्यवहार कसे चालतात याचे शास्त्र. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी, शरीररचनाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांच्या जोडीने शिकावे लागते. परंपरेने हा विषय इंद्रियसंस्थांच्या क्रमाने शिकविला जातो : आधी रक्त, मग मज्जातंतू व स्नायू, मग पचन, हृदय व रक्ताभिसरण, श्वसन, मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी, प्रजनन, मेंदू. या क्रमात गैर काही नाही. परंतु दर दहा वर्षांनी ज्ञानात भर पडते, पाठ्यपुस्तके जाड होतात, आणि वर्ष मात्र बारा महिन्यांचेच राहते. परिणामी विद्यार्थी प्रत्येक प्रकरणाकडे स्वतंत्र बेट म्हणून पाहू लागतो. हृदयाच्या प्रकरणात शिकलेली गोष्टच श्वसनाच्या प्रकरणात दुसऱ्या नावाने आली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

भारतात या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला व २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने घेतली आणि पुढे या अभ्यासक्रमात सुधारणाही झाल्या. २०१८ च्या आराखड्यात शरीरक्रियाविज्ञानाचे ११ घटक आणि १३७ क्षमता नमूद करण्यात आल्या होत्या. विद्यार्थ्याला काय ‘माहीत’ असावे याऐवजी त्याला काय ‘करता’ यावे याचा विचार त्यात केला गेला, पहिल्याच वर्षी रुग्णाशी संपर्क यावा अशी योजना झाली आणि निरनिराळ्या विषयांची सांगड घालण्यावर भर देण्यात आला. हे पाऊल महत्त्वाचे होते यात शंका नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. १३७ क्षमतांची यादी ही अखेर यादीच आहे. शिक्षकाने ती क्रमाने उरकली आणि विद्यार्थ्याने क्रमाने पाठ केली, तर जुन्या यादीच्या जागी नवी यादी आली एवढेच होईल. शरीराच्या तापमानाचे नियंत्रण, उष्णतेशी जुळवून घेणे आणि उष्माघात या बाबी त्या आराखड्यात अकराव्या म्हणजे शेवटच्या घटकात येतात. त्या घटकाला ‘एकात्मिक शरीरक्रियाविज्ञान’ असे सार्थ नाव आहे. परंतु शेवटचे प्रकरण वर्षअखेरीच्या घाईत सापडते, हा सर्वच शिक्षकांचा अनुभव आहे. ज्या धाग्याने सर्व प्रकरणे ओवावयाची, तो धागा शेवटी हाती देऊन भागत नाही.

मूळ संकल्पनांचा विचार

याच अडचणीतून जगातील काही शरीरक्रियाविज्ञानाच्या अध्यापकांनी वेगळी वाट शोधली. अमेरिकेतील जोएल मायकेल व जेनी मॅकफार्लंड यांनी अनेक महाविद्यालयांतील अध्यापकांना विचारले की, बाकी सर्व विसरले गेले तरी विद्यार्थ्याच्या मनात कायम राहिलेच पाहिजे असे या विषयात काय आहे? त्या उत्तरांतून २०११ मध्ये १५ मूळ संकल्पनांची मांडणी झाली : कार्यकारणभाव, पेशीसिद्धांत, पेशीपटल, पेशींमधील संदेशवहन, ऊर्जा, उत्क्रांती, प्रवणतेनुसार वहन, जनुकांकडून प्रथिनांकडे जाणारी माहिती, समस्थिती, परस्परावलंबन, संघटनेच्या पातळ्या, वस्तुमानाचा ताळेबंद, भौतिकी व रसायनाचे नियम, शास्त्रीय विचारपद्धती, आणि रचना व कार्य यांचा संबंध. २०१७ मध्ये या विचारावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. ऑस्ट्रेलियातील २५ विद्यापीठांच्या अध्यापकांनी पुढे विचारविनिमय करून आपल्यापुरत्या सातच संकल्पना निश्चित केल्या व २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पेशीपटल, पेशींमधील संदेशवहन, पदार्थांचे वहन, रचना व कार्य, समस्थिती, समन्वय आणि अनुकूलन या त्या होत.

संख्या पंधरा असावी की सात, हा वाद गौण आहे. इंद्रियसंस्था अनेक असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेले नियम थोडे आहेत, आणि ते नियम प्रत्येक संस्थेत पुन्हा पुन्हा दाखविले तरच विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतात, हे या विचाराचे सार आहे. यांतील तीन संकल्पना गावाच्या व्यवहारातील उदाहरणांनी पाहण्याजोग्या आहेत.

ताळेबंद, उतार आणि समस्थिती

पहिली संकल्पना वस्तुमानाच्या ताळेबंदाची. वळच्या गोदामातील कारकून रोज हेच करीत असतो : माल किती आला, किती गेला, शिल्लक किती. ग्रामपंचायतीच्या रोकडवहीचा नियमही तोच. शरीरातील पाणी, मीठ, लोह, साखर यांपैकी कशाचाही विचार करताना आवक, जावक व शिल्लक यांपलीकडे चौथी गोष्ट नसते. पांडुरोगाने ग्रासलेल्या गर्भवतीच्या लोहाचा हिशेब मांडला की, आहारातून येणारे लोह थोडे, जंतांमुळे व पूर्वीच्या रक्तस्रावामुळे गेलेले फार, आणि वाढत्या गर्भाची मागणी मोठी, हे चित्र समोर उभे राहते. मग गोळ्या का, किती दिवस आणि जंतनाशक औषधाची जोड कशासाठी, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

दुसरी संकल्पना प्रवणतेनुसार वहनाची. पाणी उताराकडे वाहते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शरीरात रक्त व हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातात, प्राणवायू अधिक प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जातो, उष्णता तप्त भागाकडून थंड भागाकडे जाते. उतार जितका मोठा तितके वहन अधिक, आणि वाटेतील रोध जितका मोठा तितके ते कमी. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाच्या बाबतीत नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. नळपाणीपुरवठ्याची अरुंद जोडणी ज्याने पाहिली आहे, त्याला दम्याच्या रुग्णाची घुसमट समजण्यास वेळ लागू नये. श्वासनलिका थोडी आकसली तरी रोध अनेक पटींनी वाढतो. हृदयाच्या रोहिणीलाही हाच नियम लागू पडतो. हे एकदा नीट कळले की दोन प्रकरणे एका सूत्रात येतात.

तिसरी संकल्पना समस्थितीची. शरीराच्या पेशी ज्या आंतरिक परिवेशात राहतात तो स्थिर राखला जातो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये तिला नाव दिले आणि १९३२ च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार केला. तापमान, रक्तदाब, रक्तातील साखर या राशी सतत मोजल्या जातात, अपेक्षित पातळीशी त्यांची तुलना होते आणि फरक पडताच तो कमी करणारी कृती घडते. ही यंत्रणा केवळ बिघाड झाल्यावरच सुरू होते, असा अनेक विद्यार्थ्यांचा गैरसमज असतो. वास्तविक ती अखंड चालू असते.

आता पुन्हा त्या हमालाकडे वळावे. काम करणाऱ्या स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा श्रमात उतरतो, बाकीची उष्णता होते. ती आवक झाली. त्वचेपेक्षा हवा थंड असेल तोवर उष्णता बाहेर वाहते. हवा त्वचेइतकी तापली की उतारच नाहीसा होतो व जावक एकट्या घामावर येऊन ठेपते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र घाम वाळला तरच. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो वाळत नाही, निथळतो, आणि निथळलेला घाम शरीरातील पाणी व मीठ नेतो पण उष्णता नेत नाही. पत्र्याखाली वारा नसेल तर स्थिती आणखी बिकट होते. समस्थितीची यंत्रणा शर्थ करते, त्वचेकडे अधिक रक्त धाडते, हृदयाचे ठोके वाढविते. परंतु ताळेबंद जमेच्याच बाजूला झुकत राहिला तर शेवटी ती कोलमडते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. कोकणात तापमापकाचा आकडा विदर्भाइतका चढत नसला तरी दमटपणामुळे धोका किती मोठा असतो, याचे ते दुःखद स्मरण आहे.

तीन संकल्पनांनी एका रुग्णाचे सारे चित्र उलगडले. त्यासाठी तीन निरनिराळ्या प्रकरणांची पाने उलटावी लागली नाहीत.

संकल्पनेतून निघालेले औषध

मूळ संकल्पना हा केवळ वर्गातील सोयीचा भाग नव्हे, हे जलसंजीवनीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. आतड्याच्या पेशीपटलातून साखर व मिठातील सोडियम जोडीने आत घेतले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटऱ्यात शरीरातील पाणी बाहेर टाकणारी क्रिया बेफाम होते, परंतु साखर व मीठ जोडीने आत घेणारे हे द्वार शाबूत राहते. या दोहोंच्या मागोमाग पाणीही आत येते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईनचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजविले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्या पिशवीत असणारी पुडी ही पेशीपटलाच्या एका संकल्पनेचे फलित आहे. या पुडीतील साखर ‘शक्तीसाठी’ असते असे मानणारी माता अधिक साखर घालते व जुलाब वाढवून बसते. साखर मिठाला आत नेण्यापुरती, मापाचीच हवी, हे तिला समजावून सांगणारा डॉक्टर किंवा परिचारिका लागते.

अभ्यासक्रमाची आखणी

अशा संकल्पनांभोवती अभ्यासक्रम आखावयाचा म्हणजे इंद्रियसंस्था वगळावयाच्या असे नव्हे. कापडात ताणा व बाणा दोन्ही असतात, हे भिवंडीत तरी सांगावयास नको. इंद्रियसंस्था हा ताणा मानला, तर संकल्पना हा बाणा होय. अध्यापकांनी प्रथम सात ते पंधरा संकल्पना निश्चित कराव्यात. मग प्रत्येकीची फोड करून तिच्यातील लहान विचार क्रमाने मांडावेत. उदाहरणार्थ समस्थितीत मापन, तुलना, नियंत्रण व कृती हे चार टप्पे. त्यानंतर एका बाजूस घटक व दुसऱ्या बाजूस संकल्पना असा तक्ता करून कोणती संकल्पना कोठे प्रथम येते, कोठे दृढ होते आणि कोठे तपासली जाते, याची नोंद करावी. राष्ट्रीय आयोगाच्या चौकटीत राहूनही हे करता येते, कारण क्षमतांची यादी काय शिकवावे ते सांगते, कोणत्या धाग्याने ओवावे ते सांगत नाही. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांना या दृष्टीने पुष्कळ वाव आहे.

खरी कसोटी मात्र परीक्षेची. ‘उष्माघातावर टीप लिहा’ असा प्रश्न असेल तोवर विद्यार्थी टीपच पाठ करील. त्याऐवजी वर्गात न आलेला प्रसंग देऊन ‘काय वाढेल, काय घटेल, काय तसेच राहील, आणि का’ असे विचारले तर पाठांतर तोकडे पडते. विद्यार्थ्यांच्या समजुती तपासणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले आहे की, श्वासाची गती वाढली की त्याची खोली कमी होणारच, असे अनेक विद्यार्थी मानतात. पोते घेऊन जिना चढणाऱ्या हमालाचा श्वास जलदही होतो आणि खोलही होतो, हे तर पायरीवर उभा असलेला कोणीही पाहू शकतो. पुस्तक आणि पायरी यांच्यातील हे अंतर प्रश्नपत्रिकेने भरून काढावयास हवे.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. तपशिलावाचून संकल्पना पोकळ राहते, हा आक्षेप रास्त आहे. सोडियमची पातळी किती असावी हे माहीत नसलेल्या डॉक्टराला ताळेबंदाचे तत्त्व उपयोगी पडणार नाही. म्हणून तपशील टाळावयाचा नसून त्याला खुंटी द्यावयाची आहे. दुसरी अडचण पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची. तेथे थोड्या वेळात अनेक बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागत असल्याने विद्यार्थ्यांचा ओढा सुट्या माहितीकडे राहतो. तिसरी अडचण अध्यापकांची. विचार करावयास लावणारे प्रश्न काढणे व त्यांची उत्तरे तपासणे यांस वेळ लागतो, आणि विद्यार्थिसंख्या वाढत असताना अध्यापकांच्या जागा भरलेल्या नसतील तर उत्तम आराखडाही कागदावरच राहतो. अभ्यासक्रमाची सुधारणा ही मनुष्यबळाच्या तरतुदीपासून वेगळी काढता येत नाही, ही गोष्ट प्रशासनाने ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

महाराष्ट्राला या बाबतीत एक चांगली परंपरा लाभली आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व पहिल्याच वर्षी त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करते. २०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय आयोगानेही देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजना सुरू केली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची नोंद करून परतला तर ती केवळ हजेरी ठरते. त्याच कुटुंबाच्या घरात पाण्याची आवक किती, उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसाची जावक किती, चुलीच्या धुराने कोणाच्या श्वासमार्गातील रोध वाढला, असे प्रश्न त्याने विचारले तर तेच घर शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा बनते. पंचायतींनी अशा विद्यार्थ्यांचे स्वागत करावे आणि त्यांच्याकडून गावाला उपयोगी उत्तरांची अपेक्षाही करावी.

शाळेतील विज्ञानशिक्षकांचे काम तर महाविद्यालयाच्या आधीचे आहे. आठवी-नववीच्या मुलाने घाम, श्वास, नाडी यांचे मोजमाप स्वतः केले आणि ‘का’ हा प्रश्न मराठीत विचारला व मराठीत सोडविला, तर पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तक त्याला परके वाटणार नाही. जी संकल्पना रुग्णाच्या भाषेत सांगता येत नाही ती डॉक्टरालाही पुरती समजलेली नसते, ही कसोटी विद्यापीठांनीही स्वीकारण्याजोगी आहे.

गोदामांच्या गावांत तर या ज्ञानाचा उपयोग आजच करता येईल. भर दुपारचे जड काम सकाळी वा संध्याकाळी न्यावे, छपराखाली वारा खेळता ठेवावा, पिण्याचे पाणी हाताशी असावे. नव्याने आलेल्या कामगाराचे शरीर उष्णतेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण भार देऊ नये. कोणी भोवळ येऊन पडला व त्याचे बोलणे भरकटले, तर अंगाला घाम आहे की नाही हे पाहत न बसता त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडातून काही देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत थंडावा देणे थांबवू नये, कारण येथे जाणारे प्रत्येक मिनिट मेंदूच्या नुकसानीचे असते.

या सूचनांपैकी प्रत्येकीचे कारण ताळेबंद, उतार आणि समस्थिती या तीन शब्दांत सामावलेले आहे. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात हे शब्द ज्याच्या मनात रुजले, तो डॉक्टर पुस्तकात न छापलेल्या रुग्णापुढेही गोंधळणार नाही. असे डॉक्टर घडविणारा अभ्यासक्रम ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. आणि त्या डॉक्टरांकडून कारणासह उत्तर मागणे हा गावाचा अधिकार आहे.